नवा बोअर ब्रश फेस खातो, टोचतो, वास मारतो: काय तपासायचं आणि किती थांबायचं

लक्षण आधी नीट सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय ना ते कळेल. डुकराच्या केसांचा नवा दाढीचा ब्रश ओला केला, साबणावर फिरवला, गालावर बऱ्यापैकी फेस आला. रेझर एकदा फिरवून झाला. दुसऱ्या हातासाठी, म्हणजे पुन्हा फेस लावायला, ब्रश उचलला तर तो कोरडाठाक. मघाचा फेस गेला कुठे? मुळाशी दाबलं तर थोडी पांढरी लापशी निघते, बस्स. त्यात टोकं टोचतात, आणि गरम पाण्यात बुडवला की गोठ्याची आठवण येईल असा वास. मग माणूस ब्रश फडताळात टाकतो आणि जुन्या नायलॉनच्या ब्रशकडे नाहीतर डब्यातल्या फोमकडे परत जातो.

माझा मेहुणा लातूरला असतो. दिवाळीत त्याला मी असा एक ब्रश दिला. चार दिवसांत फोन. "दाजी, तुमचा ब्रश साबण खातो. माझं निम्मं क्रीम संपलं." अशी तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मेहुण्याची कहाणी सोबत सांगतो, कारण त्याच्या घरी सगळ्या चुका एकाच वेळी नांदत होत्या आणि त्यातली एक मलाही लवकर ओळखता आली नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रश बहुतेक वेळा निर्दोष असतो. एकतर तो मुरलेला, म्हणजे वापरून मऊ पडलेला, नसतो, नाहीतर पाणी त्याच्या विरोधात असतं.

नावाबद्दल एक. इंग्रजीत रानडुकराला, आणि पाळीव नर डुकरालाही, बोअर म्हणतात. म्हणून बोअर ब्रश. आमच्या आईला बरेच दिवस वाटत होतं की हा बोअरवेल साफ करायचा काहीतरी प्रकार आहे. पुढे बोअरचं पाणीही या गोष्टीत येणार आहे, त्यामुळे गोंधळ व्हायला नको म्हणून सांगितलं. केस रानडुकराचे क्वचितच असतात. बहुतांश माल पाळीव डुकरांचा, आणि तोही मुख्यतः चीनमधून येतो. ज्यांना डुकराचे केस धर्मामुळे किंवा मनाला पटत नाहीत म्हणून नको आहेत, त्यांनी सरळ सिंथेटिक घ्यावा. हल्लीचे सिंथेटिक ब्रश चांगले असतात आणि खाली सांगितलेल्यातली अर्धी कटकट त्यांना लागूच नाही. घोड्याच्या केसांचेही मिळतात, स्पेनची व्हिए-लाँग ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते.

हा केस असा का वागतो

डुकराचा राठ केस मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. टोक नैसर्गिकरीत्या दोन-तीन फाट्यांत दुभंगलेलं असतं. स्त्रियांच्या केसांना फाटे फुटले की आपण ते दुखणं समजतो, इथे नेमकं तेच हवं असतं. प्रत्येक फाटा चेहऱ्याला मऊ लागतो आणि फाट्यांच्या जाळ्यात फेस अडकून राहतो. नव्या ब्रशात हे फाटे थोडे आणि आखूड असतात. भिजणं, वाळणं, साबणावर आणि दाढीवर घासलं जाणं, असं पुन्हा पुन्हा झालं की फाटे वाढतात. कोवळ्या लोणच्यासारखा नवा ब्रश नुसताच करकरीत असतो. मुरला की चव येते.

दुसरी गोष्ट, हा केस स्वतः पाणी पितो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचेही ब्रश असतात, तो केस पाणी मुख्यतः केसांच्या मधल्या जागेत धरतो, नायलॉन तर फारसं पीतच नाही. डुकराच्या केसात मात्र पाणी आत शिरतं आणि केस मऊ पडतो. कोरडा बोअर ब्रश बोटांवर फिरवून पाहा, मग १० मिनिटं भिजवून फिरवा. वेगळीच वस्तू वाटेल.

आता फेस कुठे जातो ते सोपं होतं. अर्धवट भिजलेला केस आपली तहान फेसातल्या पाण्यावर भागवतो. पाणी गेलेला फेस घट्ट होतो, त्याचे बुडबुडे फुटतात. आणि उरलेला फेस टोकाशी धरून ठेवायला फाटेच नसल्यामुळे तो खाली, झुपक्याच्या मुळाशी जाऊन बसतो. म्हणजे "खातो" हे अर्धंच खरं. अर्धा फेस त्याने खिशात ठेवलेला असतो.

हे तपासायचं असेल तर दुसऱ्या हाताच्या वेळी ब्रश कोरडा वाटला की तो धुऊ नका. अंगठा आणि तर्जनीने मुळाशी धरून टोकाकडे पिळत या. दाट, चमकदार फेस निघाला तर साबण पुरेसा आहे, ब्रश फक्त लपवतोय. असा दर वेळी पिळून घेत जा, महिन्याभरात गरज उरत नाही. घट्ट, विटलेली लापशी निघाली तर पाणी कमी पडलं. नुसतं दुधाळ पाणी आलं तर साबण कमी पडला. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि लोक तिन्हींवर एकच इलाज करतात: अजून क्रीम.

भिजवणं

मेहुण्याला पहिला प्रश्न हाच विचारला. म्हणाला, "भिजवतो की. नळाखाली धरतो." नळाखाली १० सेकंद धरल्याने बाहेरचे केस ओले दिसतात, एवढंच.

आंघोळीला जाण्याआधी ब्रश पेल्यात टोकं खाली करून ठेवा आणि आंघोळ करून या. पाणी केसांच्या पाऊण उंचीपर्यंत, मूठ पाण्याबाहेर. मूठ लाकडी असेल तर हे जास्त पाळा, नाहीतर रंगाला तडे जातात. पहिले दोन आठवडे १० मिनिटं, पुढे ४-५ पुरतात. पाणी हाताला सहज सोसेल इतकंच गरम. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात आणि झुपका धरून ठेवणारा गोंद कमजोर पडू शकतो. "लवकर मुरावा" म्हणून ब्रश चहाच्या पातेल्यात उकळणारे लोक आहेत. त्यांना मी भेटलो आहे.

भिजल्यावर ब्रश पिळून कोरडा करू नका. दोनदा हलकेच झटका, बाकी राहू द्या.

साबण

इथे फार वेळ घालवत नाही. नव्या बोअरला नायलॉनच्या ब्रशापेक्षा जास्त साबण लागतो, हे मान्य करून टाका. घट्ट साबण असेल तर ब्रश त्यावर पाऊण ते एक मिनिट फिरवा. वर आधी मोठे पोकळ बुडबुडे येतील, त्यांना भुलू नका. ते बसून पेस्टसारखं दिसायला लागलं की थांबा. ट्यूबमधलं क्रीम असेल तर एका बदामाएवढ्याऐवजी दीड. मग पाणी थेंबाथेंबाने. राठ केसांचा ब्रश घट्ट साबणाच्या वडीवरून माल उचलण्यात पटाईत असतो, क्रीमपेक्षा साबणाशी त्याचं जास्त जमतं. मला विचाराल तर मुरवण्याच्या काळात क्रीम बाजूला ठेवून साबणाची वडी किंवा कांडीच वापरा.

पाणी

आता मेहुण्याकडे. तो इमानदारीने भिजवायला लागला, साबणाची कांडी आणली, आणि तरी आठवड्याने तोच फोन. फेस येतो, आणि गालावर असतानाच विरतो. मी सांगत राहिलो की अजून थोडे दिवस थांब, मुरेल. इथे माझं चुकलं. कारण विरणारा फेस आणि लपणारा फेस यांतला फरक मी त्याला विचारलाच नाही. ब्रशात अडकलेला फेस पिळून काढता येतो. गालावर विरणारा फेस म्हणजे ब्रशाचा संबंध कमी, पाण्याचा जास्त.

शेवटी मी विचारलं, "अरे, वहिनींना विचार, तुरीची डाळ नळाच्या पाण्यात शिजते का." मागून आवाज आला, "बोअरच्या पाण्यात कुठली शिजतेय? आम्ही डाळीला फिल्टरचंच पाणी घेतो."

मराठी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला फार नेमका शब्द होता: दुष्फेन पाणी. ज्यात फेस धड होत नाही ते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असले की साबणाचा त्यांच्याशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारी पांढरट, चिकट रेघ तीच. साबणाचा पहिला हिस्सा या क्षारांना शांत करण्यातच खर्च होतो, उरलेल्याचा फेस. म्हणून दुष्फेन पाण्यात साबण दुप्पट घातला तरी फेस पातळ आणि दहा मिनिटं टिकायच्या ऐवजी दोन मिनिटांत विरणारा. वर तो साका ब्रशाच्या केसांवर थर धरतो. थर बसलेला केस पाणी नीट पीत नाही, मऊ पडत नाही, वाळल्यावर राखाडी आणि कडक दिसतो. लोक म्हणतात ब्रश महिन्याभरात मुरायच्या ऐवजी बिघडला. तो बिघडलेला नसतो, त्याच्यावर राप चढलेला असतो.

घरी तपासायला दोन सारख्या छोट्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत साबणाचा सारखाच, किसून घेतलेला चिमूटभर चुरा टाका आणि २०-२० वेळा हलवा. आरओच्या बाटलीत फेस उभा राहील, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. नळाच्या बाटलीत फेस थोडा आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं तर निकाल लागला. या परीक्षेला हँडवॉश किंवा भांडी घासायचं लिक्विड घेऊ नका. ते डिटर्जंट असतात, दुष्फेन पाण्यातही फेसाळतात आणि तुम्हाला खोटा दिलासा देतात. मेहुण्याने पहिल्यांदा नेमकं तेच केलं आणि "पाणी ठीक आहे दाजी" असा रिपोर्ट दिला.

उपाय स्वस्त आहे. दाढीपुरतं एक भांडं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. भिजवायला तेच, फेसात घालायला तेच. शेवटी ब्रश विसळायलाही तेच जमलं तर उत्तम. तोंड धुवायला नळाचं चालेल. पाणी उकळून फरक पडतो, पण तो काही क्षारांपुरताच. सगळे क्षार उकळून जात नाहीत.

चढलेला राप काढायला एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात ज्याला लिंबूफूल म्हणतात ते. ब्रशाचे केस त्यात ५ मिनिटं फिरवा, मग साध्या पाण्याने धुऊन, शाम्पू लावून पुन्हा धुवा. महिन्यातून एकदा पुरे. रोज आंबट पाण्यात बुडवून ठेवणं म्हणजे औषधाचंच जेवण.

लंडनला राहणाऱ्या एका मित्राला मी हेच सांगितलं. तिथलं पाणी चुन्याच्या खडकांतून येतं, किटलीत पांढरी खपली धरते. त्याने चार ब्रश बदलले होते, साबण सहा. पाणी एकदाही बदललं नव्हतं.

मेहुणा डिसेंबरात पुण्याला आला तेव्हा ब्रश आणि कांडी घेऊन यायला सांगितलं. आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी, साबणाला मऊ. तोच ब्रश, तोच साबण, तोच माणूस. फेस वाटीबाहेर सांडला. तो आरशात स्वतःकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी दीड महिना उगाच शिव्या दिल्या." कोणाला ते मी विचारलं नाही.

टोचणं

पहिल्या १० दाढ्यांपर्यंत टोचणं स्वाभाविक आहे. आठवडाभराच्या वापरानंतर एक केस उजेडात धरून, जमलं तर भिंगाखाली, टोक बघा. टोक निमुळतं आणि किंचित दुभंगलेलं दिसलं तर वाट बघा. टोक सपाट, टोक न काढलेल्या पेन्सिलीसारखं दिसलं तर केस वरून कापलेले आहेत. स्वस्त ब्रशांना गोल आकार द्यायला कात्री मारलेली असते. चांगल्या ब्रशात आकार केस साच्यात रचून देतात आणि नैसर्गिक टोकं तशीच ठेवतात. कापलेलं टोकही कालांतराने थोडं फुटतं, पण फार वेळ घेतं आणि काही ब्रश शेवटपर्यंत काट्यांसारखेच राहतात.

आणि केस मुळात डुकराचाच आहे ना? गळलेला एक केस चिमट्यात धरून जाळा. खरा केस जळक्या केसांचा ओळखीचा वास देतो आणि राखेचा चुरा होतो. नायलॉन वितळून टोकाशी गोळी होते. "नॅचरल" लिहिलेल्या ब्रशात दोन्ही प्रकार मिसळलेले मला सापडले आहेत. नायलॉन कितीही वर्षं वापरा, मुरणार नाही.

यात एक माणसाचीही चूक असते. टोचतो म्हणून लोक ब्रश आणखी दाबून गोल गोल घासतात. त्याने त्वचा लाल होते आणि झुपक्याच्या मधोमध खळगा पडतो, जिलेबीच्या मधल्या जागेसारखा. हलक्या हाताने, भिंतीला रंग दिल्यासारखं वरखाली फिरवा. आमच्या इमारतीला रंग देणाऱ्या माणसाला मी एकदा विचारलं होतं, तो म्हणाला, नव्या ब्रशाने आम्ही शेवटचा हात कधी देत नाही, आधी प्रायमरला झिजवतो. त्याच्याही हातात डुकराच्या केसांचाच ब्रश होता. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट अशा रंगकामाच्या ब्रशांसाठीच प्रसिद्ध आहे.

वास

नव्याचा वास प्राण्याचा असतो आणि जातो. कोमट पाण्यात साध्या शाम्पूने दोनदा धुवा. मग दाढीच्या साबणाचा दाट फेस करून ब्रश तसाच फेसासकट चार-पाच तास उभा ठेवा, नंतर धुऊन पूर्ण वाळवा. असं तीन-चार दिवस, दाढी करायची नसली तरी. वास बराच उतरतो आणि मुरण्यालाही मदत होते. रंगवलेला पट्टा असलेल्या ब्रशाचा या धुण्यात थोडा रंगही निघतो. डुकराच्या केसांना बॅजरसारखा काळा पट्टा रंगवायची पद्धत आहे. बॅजर समजून घेतला असेल तर आता कळलं.

गेलेला वास महिन्या-दोन महिन्यांनी परत आला आणि तो कुबट असेल तर गोष्ट वेगळी. ब्रश वाळत नाही. मूठ वर की खाली, टांगायचा की उभा ठेवायचा, यावर लोक तावातावाने भांडतात. मला दोन्हींत फरक दिसला नाही. फरक पडतो तो किती झटकला आणि वारा लागतो का याने. टॉवेलवर चार-पाचदा हलकेच पुसून खिडकीजवळ ठेवा, बाथरूमच्या बंद कपाटात नको. कोकणात जुलैमध्ये २४ तासांतही मूळ कोरडं होत नाही. तिथे पावसाळ्यात एकच ब्रश रोज वापरू नये. आणि वाळणं ही नुसती स्वच्छतेची बाब नाही. भिजणं आणि वाळणं या जोडीनेच टोकं फुटतात, सतत ओला राहणारा ब्रश मुरतही नाही.

जनावराचे केस चेहऱ्याला लावणं सुरक्षित आहे का, हाही प्रश्न येतो. शंकेला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशांमधून अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. अँथ्रॅक्स म्हणजे आपल्याकडे गुरांना होणारी काळपुळी. तिथे मुख्यतः घोड्याचे, नीट निर्जंतुक न केलेले केस कारण ठरले होते. त्यानंतर केस निर्जंतुक करण्याचे नियम आले. नामांकित बनावटीच्या नव्या ब्रशाची भीती बाळगायचं कारण नाही. आजोबांच्या पेटीत सापडलेला शंभर वर्षं जुना ब्रश मात्र काचेआड ठेवा.

केस गळणं

गळलेला केस पूर्ण लांबीचा आहे की तुकडा, ते बघा. पूर्ण लांबीचे चार-दोन केस पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत पडणारच. रचताना गोंदात नीट न बसलेले ते केस असतात. महिन्यानंतरही रोज पडत असतील, किंवा झुपकाच्या झुपका हलत असेल, तर गोंदाचा दोष. असा ब्रश परत करा, घरी चिकटवायच्या फंदात पडू नका. माझा एक ब्रश असाच गेला, दोन महिन्यांत टक्कल पडलं. आखूड तुकडे पडत असतील तर केस मोडतायत, म्हणजे तुम्ही जास्त दाबताय नाहीतर पाणी फार गरम घेताय.

किती दाढ्या

मी माझ्या शेवटच्या ब्रशाचा हिशेब कालनिर्णयवर ठेवला होता, जिथे दूध न आल्याच्या फुल्या असतात त्याच चौकटींत. पाचव्या दाढीपर्यंत काहीच फरक नाही. आठव्याला वास गेला. बाराव्या-तेराव्याला पहिल्यांदा दुसऱ्या हाताला पिळावं लागलं नाही. विसाव्याच्या आसपास टोकं बोटाला मखमली लागायला लागली, आणि तिसाव्यानंतर त्याबद्दल विचार करणंच सुटलं. रोज दाढी करणाऱ्याला महिना, आठवड्यातून दोनदा करणाऱ्याला चार महिने. म्हणून "दोन महिने झाले तरी मुरत नाही" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, दाढ्या किती झाल्या? महिने मोजून उपयोग नाही.

ब्लीच केलेले, पांढरेशुभ्र केस साधारणपणे लवकर मऊ पडतात. न केलेले जास्त दिवस घेतात पण ताठपणा टिकवतात.

दुसरा कुठला घेऊ

हा मेहुण्याचा जानेवारीतला फोन. ब्रश वाळत नाही म्हणून आलटून-पालटून वापरायला दुसरा हवा होता. त्याला जे सांगितलं तेच इथे.

इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा १९३१पासूनची. तिचे ४८ आणि ४९ हे नंबर तिकडच्या न्हाव्यांच्या टेबलावरचे. झुपका मोठा, केस लांब, ४८ची उंची ४९पेक्षा जास्त. मुरल्यावर बराच लवचीक होतो, वाटीत भरपूर फेस करायला मजा येते. पण एवढा मोठा झुपका पाणीही तितकंच पितो आणि वाळायला वेळ घेतो. प्रोरासो या दाढीच्या साबण-क्रीमच्या ब्रँडच्या नावाने मिळणारा व्यावसायिक ब्रशही ओमेगाच बनवते, तेव्हा दोन्ही घेण्यात अर्थ नाही. पोर्तुगालची सेमोग वेगळ्या वळणाची. केसांत ताठपणा जास्त, थेट गालावर फेस करणाऱ्यांना तो आवडतो. तिचा १३०५ अनेक जण पहिला ब्रश म्हणून सुचवतात. सेमोगच्या बऱ्याच मुठी रंगवलेल्या लाकडाच्या, म्हणून भिजवताना वर सांगितलेली काळजी. इटलीचीच झेनिथ या दोघींच्या मध्ये कुठेतरी, झुपका गच्च भरलेला.

ब्रश निवडताना मी नावाआधी दोन गोष्टी बघतो. केसांची उंची झुपक्याच्या जाडीच्या मानाने फार जास्त असेल तर मुरल्यावर तो लोळतो. फार कमी असेल तर मुरल्यावरही खराट्यासारखा ताठ राहतो. आणि तुम्ही वाटीत फेस करता की गालावर? वाटीवाल्याने उंच घ्यावा, गालावाल्याने आखूड आणि ताठ.

मेहुण्याचं पाणी जड, फेस करायचा थेट गालावर, आणि मूठ पेल्यात बुडवून ठेवायची सवय अजून सुटलेली नाही. त्याला म्हटलं, मध्यम झुपका, आखूड केस, मूठ प्लास्टिकची. त्याने मागवला. आता पहिला सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुसरा मंगळवार-गुरुवार-शनिवार, आणि खिडकीत आरओच्या पाण्याची एक जुनी लोणच्याची बरणी. दुसऱ्याच्या आतापर्यंत सहा दाढ्या झाल्यात. परवा फोन होता, वास अजून येतो म्हणाला.